खिंडीतले अकरा सरडे

११ फेब्रुवारी

चि. संशोधक बाईंना,

आशीर्वाद सवयीनं लिहिले जातात, म्हणून आज मुद्दाम लिहीत नाही. फोनही करणार नाही. फोनवर तू "आई, ऐक ना" म्हणतेस आणि मी ऐकत बसते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तुझा निबंध आला. तू पाठवला नाहीस. ते नियतकालिक बाबांच्या नावानं चाळीस वर्षं घरी येतं, म्हणून आला. पाकीट मीच फोडते हल्ली. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि उजवा ते जपून वापरतात. अनुक्रमणिकेत तुझं नाव दिसलं तेव्हा मी वेड्यासारखी दारातच उभी राहून वाचायला लागले. मथळा असा की तोंड दुखावं: ॲगामिड कुळातल्या सरड्यांचं वर्गीकरण आणि त्यांच्या उपप्रजातींचा प्रसार, एक पुनर्विचार. म्हणजे उन्हात दगडावर बसून माना खालीवर करणारे आपले सरडे. ज्यांच्यावर या घराची अख्खी हयात गेली ते.

तुझा मुद्दा मला कळला. मी चित्रकलेची शिक्षिका होते, अडाणी नव्हते. तुझ्या बाबांनी अडतीस वर्षांपूर्वी एका सरड्याचे दोन केले. डोंगरांच्या उत्तरेकडचा निळ्या गळ्याचा, त्याच्या अंगावर खवल्यांच्या रांगा कमी. दक्षिणेकडचा नारंगी गळ्याचा, त्याच्या रांगा जास्त. दोघांच्या मधल्या पट्ट्यात सरडा आढळत नाही, असं त्यांनी लिहिलं. दक्षिणेकडच्या उपप्रजातीला नाव दिलं तुझं, कारण तू त्याच वर्षी झाली होतीस. आता तू म्हणतेस, दोघे एकच, वेगळं नाव द्यायला आधार नाही. स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खोडलंस. नाव तुझं आहे, काय हवं ते कर.

पण अकराव्या पानाखालची बारीक अक्षरातली टीप. मी भिंग लावून तीनदा वाचली. "मूळ वर्णनासोबतच्या चित्रात खवल्यांच्या बासष्ट रांगा दिसतात. मूळ नमुन्यात त्या अठ्ठावन्न आहेत. चित्रकाराची चूक असावी."

कोण गं हा चित्रकार? त्या पुस्तकात चित्राखाली कुणाचं नाव नाही, म्हणून तुलाही माहीत नाही का? ज्या टेबलाखाली बसून तू माझे तुटके खडू भिंतीला घासायचीस, त्याच टेबलावर ते चित्र झालं. शेवटी तू नऊ जणांचे आभार मानलेस. त्यात जीप चालवणारा आहे. मी नाही. मी फक्त चुकीपुरती आहे.

सहा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून तू निघून गेलीस. ते भांडण तुमचं होतं. मी स्वयंपाकघरात होते, मला काही ऐकू आलं नाही. त्याचा राग माझ्यावर काढायचं कारण नव्हतं.

आई


१९ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. एवढ्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. टोचलं असणार.

तू लिहितेस की ती टीप तू "सौम्य" ठेवलीस. संग्रहालयात जाऊन मूळ नमुना तू चार वेळा मोजलास. अठ्ठावन्नच भरल्या. आता अठ्ठावन्नाचे बासष्ट का झाले याला दोनच कारणं असू शकतात, एकतर काढणारा चुकला किंवा काढून घेणाऱ्यानं खोटं काढून घेतलं. दुसरं लिहिलं असतं तर बाबांची अब्रू गेली असती, म्हणून तू पहिलं लिहिलंस. आणि वर मला विचारतेस, "आई, तूच सांग, मी काय करायला हवं होतं?"

म्हणजे तुला संशय होता. तरी तू माझ्यावर ढकललंस, कारण मी सोसेन. या घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. दूध उतू गेलं तर आईचं लक्ष नव्हतं. चष्मा हरवला तर आईनं उचलून ठेवला असेल. आता सरड्याच्या पाठीवर चार रांगा जास्त झाल्या, तर त्याही आईनंच वाढवल्या. वाचताना माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला कप मी बशीत न ठेवता बेसिनमध्ये टाकला. फुटला. तुझ्या आवडीचा होता.

बाबांना तू सोडून गेलीस म्हणे, त्यांच्याशी बोलत नाहीस, आणि अब्रू मात्र त्यांची सांभाळतेस. माझ्याशी बोलतेस, दर रविवारी, "बरी आहेस ना" विचारतेस, आणि चूक माझ्या नावावर टाकतेस. या हिशेबानं तू माझ्याशी भांडायला हवं होतंस, माझा जास्त फायदा झाला असता.

दुसरं तू विचारलंस ते जुन्या चित्रांबद्दल. तुझ्या निबंधावर लोक आक्षेप घेताहेत की दोन्हींच्या मधला सरडा दाखवा, मगच दोन्ही एक आहेत म्हणा. मधला सरडा असला तर डोंगरांमधल्या त्या खिंडीत असणार, आणि खिंडीत धरणाचं पाणी भरून वीस वर्षं झाली. तेव्हा बाबांबरोबर मी खिंडीत गेले होते का, काही रेखाटलं होतं का, एखादी वही आहे का, असं तू विचारतेस.

नाही. वही नाही. रद्दीत गेली.

आई


६ मार्च

तुझा निबंध काल बाबांना वाचून दाखवला. टाळत होते, पण त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि कळलं. सबंध वाचायला लावला मला, टिपांसकट. खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मध्ये दोनदा "हं" म्हणाले. तुझ्या नकाशापाशी आल्यावर म्हणाले, नकाशा नीट केलाय. तुला सांगायचं नाही म्हणाले, म्हणून सांगतेय.

मग ती टीप आली. मी वाचली आणि थांबले. वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. शेवटी मीच विचारलं, "माझी चूक होती का ती?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "चित्रकारांकडून होतं असं."

आणि पुढे वाच म्हणून हातानं खूण केली.

मी पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. आवाजही चढवला नाही.

आता नीट ऐक. तो नमुना मी जिवंत असताना पाहिला होता. स्पिरिटच्या बरणीत पडला की दोन दिवसांत गळ्याचा रंग जातो, म्हणून बाबा मला बरोबर न्यायचे. सरडा पकडला की पहिला माझ्याकडे. पिशवीतून काढायचा, सावलीत धरायचा, रंग उतरायच्या आत रंगवायचा. मग भिंगाखाली पोटावरून पाठीवर आणि पाठीवरून पुन्हा पोटावर एक आडवा वेढा धरून रांगा मोजायच्या. मी अठ्ठावन्न मोजल्या. त्यांनीही अठ्ठावन्न मोजल्या. गळा नारंगी होता, पण जबड्याखाली नखाएवढा निळा डाग होता. मी तो काढला. त्यांनी चित्र उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, दक्षिणेकडच्या बाकीच्यांत बासष्ट भरतात, हा एक वेडावाकडा निघाला, तू बासष्ट दाखव. आणि तो डाग मळासारखा दिसतोय, काढून टाक.

ही तुझ्या चित्रकाराची चूक.

आणि वही आहे. मी खोटं लिहिलं होतं. बाबांनी ती रद्दीत घाल म्हणून सांगितलं होतं, हे खरं. मी ती शाळेच्या कपाटात मुलांच्या चित्रांखाली ठेवली, आणि निवृत्त झाले तेव्हा घरी आणली. त्यात खिंडीतले अकरा सरडे आहेत. अकराही नर, विणीच्या हंगामातले, भर रंगात. जबड्याखाली निळे, खाली नारंगी. कुणाच्या चोपन्न रांगा, कुणाच्या सत्तावन्न. एकेकाच्या बाजूला तारीख, वेळ, कुठल्या दगडावर सापडला ते. बाबांनी दोन दिवस ते अकरा पिशव्यांत ठेवले. तिसऱ्या दिवशी सगळे सोडून दिले आणि मला म्हणाले, हे संकराचे दिसतात, यांना काही अर्थ नाही. पुस्तकात लिहिलं, मधल्या पट्ट्यात सरडा आढळत नाही.

वही मी पाठवत नाहीये. अजून नाही. कारण आज दुपारी त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. तुला उत्तर लिहिणार आहेत. त्यासाठी ते जुनं चित्र नव्यानं, स्वच्छ काढून हवंय. बासष्ट रांगांचंच.

मी म्हटलं, काढते.


२८ मार्च

काढलं. तीन आठवडे लागले. माझे डोळेही काही नवे नाहीत.

वहीतला सात नंबरचा काढला. खिंडीतला. वही त्यांना दाखवली नाही, तुझी पेटी आहे तिच्यात ठेवून कुलूप लावलं होतं. कच्च्या रेखाटनावरून मोठ्या कागदावर घेतला, गळा पूर्ण फुललेला, पंचावन्न रांगा. काल सकाळी चहाबरोबर त्यांच्या पुढ्यात ठेवला.

मला वाटलं होतं, ओरडतील. मी तयारीत होते. अडतीस वर्षांत जे बोलायचं राहिलं ते सगळं मनात घोळवून ठेवलं होतं, अगदी ओळीनं. किंवा म्हणतील, हा कुठला सरडा, मला नाही आठवत. वय झालंय, आठवत नसेलही. खरं सांगू, मला तेच हवं होतं. विसरलेल्या माणसावर किती दिवस रागवणार?

त्यांनी भिंग घेतलं. चांगला उजवा डोळा लावला. बराच वेळ पाहत होते. मग बोट ठेवून म्हणाले, "निळा एवढा खाली नव्हता. जबड्याच्या कडेला लागून होता. शेपटी टोकाशी तुटून पुन्हा आलेली होती, ती तू सरळ काढलीस."

मी आत गेले, कुलूप काढलं, वही उघडली. सात नंबर. निळा जबड्याच्या कडेला. बाजूला माझ्याच अक्षरात, शेपूट पुन्हा उगवलेली. मोठ्या कागदावर घेताना माझ्याच नजरेतून निसटलं होतं.

पोरी, त्यांना सगळं आठवत होतं. एकेक सरडा. जो नव्हताच म्हणून छापलं, त्याची तुटकी शेपूट या माणसाला अडतीस वर्षांनी आठवते, आणि मला म्हणतो, चित्रकारांकडून होतं असं. मी वही नेऊन त्यांच्या मांडीवर आपटली. त्यांना कळलं होतं आपण काय बोलून बसलो ते. चहा गार झाला तरी हात लावला नाही.

मी म्हटलं, आता लिहा. माझ्यासमोर लिहा.

पहिल्यांदा लिहिलं, "मूळ चित्रात काही त्रुटी राहून गेल्या." मी फाडलं. राहून कशा जातात? त्रुटी म्हणजे काय पाहुण्या आहेत? दुसऱ्यांदा लिहिलं, "आमच्याकडून खिंडीतल्या नमुन्यांचा उल्लेख झाला नाही." मी विचारलं, आमच्याकडून म्हणजे कोण कोण? पुस्तकावर नाव किती जणांचं होतं? एकाचं. तेव्हा आम्ही कुठे होतो? तेही फाडलं. तिसऱ्यांदा पेन उचलायला त्यांना अर्धा तास लागला. मी हलले नाही. गॅसवरची डाळ करपली, वास घरभर झाला, तरी हलले नाही.

तिसरा कागद सोबत जोडलाय. "खिंडीतले अकरा सरडे मी पाहिले, मोजले आणि सोडून दिले. चित्रातले बदल माझ्या सांगण्यावरून झाले." खाली सही. अक्षर हललंय, पण वाचता येतं. संपादकांना तू पाठव.

त्यांनी एवढंच विचारलं की ती वाचेल तेव्हा काय म्हणेल. मी म्हटलं, तिलाच विचारा, तिचा नंबर तुमच्याकडे आहे.

आई


१४ एप्रिल

तुझ्या दुरुस्तीचा मसुदा वाचला. "चित्रकार व संशोधकाच्या पत्नी श्रीमती अमुक यांनी दबावाखाली केलेले बदल."

"पत्नी" खोड. मी चित्र काढलं तेव्हा ब्रश धरला होता, मंगळसूत्र नाही. आणि "दबावाखाली" पण खोड.

तू ते मायेनं लिहिलं असशील. आधी मला चुकीची केलीस, आता बिचारी करतेस. दोन्हींत मी माझ्या हातानं काही केलं असं होतच नाही. तर आता जे मी बाबांनाही सांगितलं नाही ते सांगते, आणि यावर फोन करू नकोस.

त्यांनी एकदाच सांगितलं होतं. एकदाच, तेही जाता जाता. मी "नाही" म्हटलं असतं तर ते चिडले असते, आठवडाभर अबोला धरला असता, पण चित्र तसंच राहिलं असतं, कारण दुसरा काढणारा त्यांच्याकडे नव्हता. मी नाही म्हटलं नाही. तू पाळण्यात होतीस. त्यांनी सांगितलं होतं की उपप्रजाती पक्की झाली तर तिला पोरीचं नाव द्यायचं. छापील पुस्तकात, सरड्याच्या नावापुढे, तुझं नाव. मला ते बघायचं होतं गं. माझं स्वतःचं नाव कुठे छापून येणार नव्हतं, हे तेव्हाच कळलं होतं. तो निळा डाग मी पांढऱ्या रंगानं झाकला, वरून नारंगी चढवला, आणि इतका सुरेख चढवला की मलाच अभिमान वाटला. कुणी मान पिरगाळली नव्हती माझी.

आणि सहा वर्षांपूर्वीचं. मला ऐकू आलं नाही हेही खोटं. तू विचारलंस, बाबा, मधले सरडे गेले कुठे? ते म्हणाले, माझ्या घरात राहून माझ्या बरण्या उघडायच्या नाहीत. मी ताटं घेऊन आत गेले आणि नळ मोठा सोडला. भांडी नव्हतीच फार. वही तेव्हा माझ्यापासून चार हातांवर होती. बाहेर येऊन टेबलावर ठेवली असती, तर तुला बॅग भरावी लागली नसती. मी मूग गिळून बसले, आणि त्यानंतर सहा वर्षं तुम्हा दोघांवर मनातल्या मनात चिडत राहिले, की तुम्हाला समजूतदारपणा नाही.

तेव्हा टिपेत असं लिही: चित्रकाराला माहीत होतं. आणि पुढे माझं नाव, पूर्ण. माहेरच्या आडनावासकट.

वही रजिस्टर पोस्टानं पाठवलीय. पोचली की कळव. दोन पानांवर चहाचे डाग आहेत, ते तेव्हाचेच आहेत, पुसायला जाऊ नकोस.

आई


३ मे

तुझा फोन मी उचलला नाही, सांगितलं होतं ना. पण बाबांनी उचलला. काय बोललात मला माहीत नाही. या वेळी नळ सोडला नव्हता, बाजारात गेले होते. परत आले तर ते फोन हातात धरून बसले होते, बंद झालेला. माझी तू अजून विचारपूस करू नकोस. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. राग गेलेला नाही. जाईल असंही दिसत नाही, आणि मला त्याची घाई नाही.

काल धरणावर गेलो होतो. मी निघाले होते, ते मागून बसमध्ये चढले. तीन तास शेजारी बसून आलो. धरणाच्या भिंतीपाशी पहारेकऱ्याची खोली आहे, तिथल्या सावलीत ते बसले. गुडघे चालत नाहीत त्यांचे. मी काठी घेतली, दुर्बीण, कागद, रंगाची छोटी पेटी, आणि चढायला लागले. जुनी खिंड दिसतच नाही, नुसतं हिरवं पाणी. पण पाण्याच्या वर खडक आहेत. सरड्याला कुणी सांगितलं होतं का की पाणी आलं तर तिथंच बुडून मर? तू, मी, तो संपादक, आपण सगळ्यांनी नकाशात बघितलं आणि मान्य करून टाकलं की संपलं. वर चढून कुणी बघितलं नाही.

दीड तास लागला. दोनदा बसले, एकदा घसरले, कोपर खरचटलंय. ऊन चढल्यावर सरडे बाहेर आले. नऊ मोजले मी, त्यांतले चार नर. चारही गळे फुगवून माना खालीवर करत होते, जसं काही मधे काही झालंच नाही. जबड्याशी निळे, खाली नारंगी. मी दोघांना रंगवलं. खडकावर कागद ठेवून, ऊन डोक्यावर घेऊन. सही केली.

मी खाली आले तेव्हा बाबा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी विचारलं, "किती दिसले?"

मी म्हटलं, "चढून मोजा."

बसमध्ये बसल्यावर चित्रं मात्र त्यांच्या हातात दिली. घर येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाहीत.

रांगा मोजायच्या तर सरडा हातात धरावा लागतो, आणि त्याला पकडायची फासाची काठी चालवणं आता माझ्याच्यानं होत नाही. तू ये. त्यांची परवानगी विचारत बसू नकोस, माझीही नको. खोली झाडून ठेवलीय. विणीचे रंग अजून तीनेक आठवडे टिकतील. त्यानंतर आलीस तर नुसते तपकिरी सरडे दिसतील, आणि मग मी काढलंय ते खरं की खोटं हे तुलाही सांगता येणार नाही.

आई